गेम कन्सोलची बाजारातली पत

सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत निन्टेंडो ६४ हा गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा खोका, विक्रीला आला, तेव्हा त्यावर खेळायला गेम होते दोन. 'सुपर मारिओ ६४' आणि 'पायलटविंग्ज ६४'. मारिओ आवडत नसेल तर विमान उडवा, विमानात रस नसेल तर मारिओला उड्या मारायला लावा, आणि दोन्ही नको असेल तर खोका टीव्हीशेजारी ठेवून नुसता बघत बसा. तरीही जवळपास २०० डॉलर मोजून लोकांनी तो खोका हातोहात उचलला.

या लोकांना वेड लागलं होतं का? मुळीच नाही. खोक्याबरोबर त्यांनी एक न लिहिलेलं वचन घरी नेलं होतं. पुढची चार-पाच वर्षं या यंत्रासाठी चांगले गेम येत राहतील, हे ते वचन. पैसे आज रोख, माल मागाहून, जसा जमेल तसा. म्हणजे नीट पाहिलं तर या व्यवहारात गिऱ्हाईक सावकार असतं आणि कंपनी कर्जदार. आणि सावकार कर्ज देताना काय बघतो? पत बघतो.

कन्सोलच्या 'ब्रँड'बद्दल बोलताना लोक लोगो, जाहिराती, चाहत्यांची भांडणं असलं बरंच काही काढतात. मला वाटतं त्यापेक्षा 'पत' हा आपला जुना शब्द जास्त नेमका आहे. कोणत्या कंपनीला लोक उधारी द्यायला तयार आहेत, किती, आणि किती दिवस, एवढं धरून चाललं की या बाजारातली बरीच कोडी सुटतात. सगळ्यात ताकदवान यंत्र बहुतेक वेळा हरतं का, हे त्यातलं एक. निन्टेंडोचा गेमबॉय १९८९ साली आला तो करड्या-हिरव्या पडद्याचा, मागे दिवाही नसलेला. सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता. पण गेम गिअर सहा सेल तीन-चार तासांत संपवायचा आणि गेमबॉय चार सेलवर कितीतरी पट जास्त चालायचा. गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले, गेम गिअर त्याच्या जवळपासही पोचला नाही. सोनीचा प्लेस्टेशन २ मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सपेक्षा कमजोर होता, निन्टेंडो वी तर आपल्या पिढीत, म्हणजे त्याच काळात आलेल्या यंत्रांत, सगळ्यात कमजोर. दोघेही आपापल्या पिढीत सगळ्यात जास्त विकले गेले.

खोका स्वस्त का मिळतो

आधी पैशाचं गणित बघून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय पुढचं घोडं अडतं.

कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या यंत्र पुष्कळदा तोट्यात विकतात, निदान सुरुवातीची काही वर्षं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. नफा येतो तो त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमच्या वाट्यातून. डिजिटल दुकानात हा वाटा साधारण ३० टक्के असतो. म्हणजे गेम दुसऱ्याच कुणीतरी बनवला, ६० डॉलरला विकला, की १८ डॉलर कन्सोलवाल्याच्या गल्ल्यात. शिवाय इंटरनेटवरून इतरांशी खेळायचं तर वर्गणी वेगळी. समजा यंत्रामागे १०० डॉलरचा खड्डा पडला असेल, तर पाच-सहा गेम विकले गेले की तो भरतो आणि सातव्यापासून कमाई सुरू होते. गिऱ्हाइकाने यंत्र घेऊन दोनच गेम खेळले आणि कपाटात टाकलं, तर ते गिऱ्हाईक कंपनीला महागात पडलं.

निन्टेंडोची रीत थोडी निराळी. ती सहसा यंत्रावर तोटा घेत नाही, जुनं आणि स्वस्त झालेलं तंत्रज्ञान वापरून निभावून नेते. एकदा मात्र तिचाही अंदाज चुकला. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत ३डीएस हे हातातलं यंत्र २५० डॉलरला आलं, विक्री थंडावली, आणि ऑगस्टमध्ये किंमत थेट १७० डॉलरवर आणावी लागली. ज्यांनी आधीच पूर्ण पैसे मोजले होते त्यांच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नको. तेव्हा निन्टेंडोने या पहिल्या गिऱ्हाइकांना २० जुने गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. वीस जुन्या गेमची किंमत ८० डॉलर होते की नाही यावर वाद घालता येईल. पण सगळ्यात आधी विश्वास टाकणाऱ्याला मूर्ख ठरवायचं नाही, हे त्या कंपनीला कळत होतं. पुढच्या वेळी पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणारी माणसं हीच असतात.

या व्यवहारात दुसराही एक सावकार आहे. तो म्हणजे गेम बनवणारा स्टुडिओ. मोठा गेम बनायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि आज त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च होतात. गेम तयार होईल तेव्हा हे यंत्र लोकांच्या घरात असेल का, याचा अंदाज बांधूनच स्टुडिओ काम हाती घेतो. लोक गेम बघून यंत्र घेतात आणि स्टुडिओ लोक बघून गेम बनवतात. कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न इथे दर पाच-सात वर्षांनी, प्रत्येक नव्या यंत्राबरोबर नव्याने उभा राहतो. कंपनीची पत असेल तर दोघेही एकाच वेळी डोळे मिटून उडी मारतात. पत नसेल तर दोघेही 'आधी तू, मग मी' करत काठावर थांबतात.

बुडालेली पत कशी दिसते

१९७७ साली आलेला अटारीचा व्हीसीएस, म्हणजे पुढे ज्याला अटारी २६०० म्हणू लागले तो, या धंद्यातला पहिला मोठा विजेता. त्याच्यासाठी गेम कुणी बनवावेत यावर अटारीचा ताबा नव्हता. १९७९ मध्ये अटारीतूनच बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. त्यांचे गेम चांगले होते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पण त्यांचं बघून जो उठला तो कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी, बनवायला लागला. क्वेकर ओट्स या ओट्स विकणाऱ्या कंपनीनेही व्हिडिओ गेमचा विभाग उघडला, यावरून काय ते समजा.

अटारी स्वतःही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९८२ च्या नाताळाला 'ई.टी.' चित्रपटावरचा गेम बाजारात हवाच, म्हणून तो एका प्रोग्रामरकडून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. मुलं खेळायला बसायची, ई.टी. खड्ड्यात पडायचा, मान लांब करून तरंगत वर यायचा, आणि पुढच्याच पावलाला पुन्हा खड्ड्यात. दुकानांनी माल परत पाठवला. न विकलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमगोर्डो गावाच्या कचरा डेपोत गाडली गेली. बरीच वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची, पण २०१४ मध्ये खोदकाम झालं आणि ती खरोखर सापडली.

अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये साधारण ३ अब्ज डॉलरचा होता, तो १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आला असं सांगितलं जातं. इथे बुडाली ती एकट्या अटारीची पत नव्हती. 'व्हिडिओ गेम' या शब्दाचीच पत गेली. खोकं घरी नेऊन लावेपर्यंत आतला गेम बरा की टाकाऊ हे कळत नाही आणि दहांतले आठ टाकाऊ निघतात असा अनुभव आला, की लोक अकरावा घेत नाहीत. चांगला बनवणाराही त्यात भरडला जातो.

म्हणून १९८५ मध्ये निन्टेंडो अमेरिकेत उतरली तेव्हा तिने आपल्या यंत्राला व्हिडिओ गेम म्हणायचंच टाळलं. नाव ठेवलं 'एन्टरटेनमेंट सिस्टिम'. त्याचं तोंड व्हीसीआरसारखं पुढून उघडणारं केलं आणि सोबत रॉब नावाचा प्लास्टिकचा रोबो दिला, म्हणजे दुकानदाराला ते खेळण्यांच्या फळीवर ठेवायला संकोच वाटू नये. त्या रोबोचे गेम झाले अवघे दोन. त्याचं खरं काम दुकानाचं दार उघडून देणं एवढंच होतं आणि ते त्याने चोख केलं.

खरी मेख यंत्राच्या पोटात होती. निन्टेंडोने आत एक कुलूप-चिप बसवली, जिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये असल्याशिवाय गेम चालायचाच नाही. ती चिप मिळायची निन्टेंडोकडून, तिच्या अटींवर. एका प्रकाशकाने वर्षाला पाचच गेम काढायचे. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. कार्ट्रिज निन्टेंडोच बनवणार, आणि त्याचे पैसे आगाऊ. कोनामीसारख्या कंपनीला पाचांत भागेना, तेव्हा तिने अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी कंपनी काढून आणखी पाच पदरात पाडून घेतले! अटी जाचक होत्या यात शंका नाही आणि पुढे त्याच निन्टेंडोच्या अंगाशी आल्या. पण वरच्या सोनेरी शिक्क्याचा अर्थ गिऱ्हाइकाला कळू लागला: हे निदान चालेल तरी. आज प्रत्येक कन्सोलवाला गेम तपासून, मंजूर करून मगच विकू देतो आणि त्याबद्दल वाटा घेतो. त्या रिवाजाचं मूळ या कुलपात आहे.

सेगा: पाच वर्षांत कमावलं, पाच वर्षांत घालवलं

पत मिळवणं आणि गमावणं दोन्ही शिकायचं असेल तर सेगाइतकं चांगलं उदाहरण नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८९ मध्ये सेगाचं जेनेसिस अमेरिकेत आलं तेव्हा निन्टेंडोची जवळपास मक्तेदारी होती. पूर्वी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत असलेले टॉम कॅलिन्स्की सेगाच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी किंमत उतरवली, यंत्राबरोबर 'सॉनिक' हा नवाकोरा गेम फुकट द्यायला लावलं आणि जाहिरातींत निन्टेंडोची उघड टिंगल सुरू केली. जपानमधल्या वरिष्ठांना यातलं बरंचसं पटलं नव्हतं. जाहिरातींचा एकूण सूर असा, की निन्टेंडो तुझ्या धाकट्या भावासाठी, हे तुझ्यासाठी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला याहून काय हवं असतं? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ अमेरिकेतला १६-बिटचा, म्हणजे त्या पिढीच्या यंत्रांचा, निम्म्याहून जास्त बाजार सेगाकडे होता. शेराला सव्वाशेर भेटला होता.

मग उतरण सुरू झाली. १९९२ मध्ये सेगाने जेनेसिसला जोडायचं सीडी यंत्र आणलं. त्यासाठी गेम थोडे आले. १९९४ च्या अखेरीस ३२एक्स नावाचं आणखी एक जोडयंत्र आणलं, जेनेसिसच्या डोक्यावर खोचायचं. त्याच सुमाराला जपानमध्ये सॅटर्न हे संपूर्ण नवं यंत्र विक्रीला आलंही होतं. म्हणजे ३२एक्स घेणाऱ्याचे पैसे सहा महिन्यांत पाण्यात जाणार हे घड्याळाच्या काट्यासारखं ठरलेलं होतं.

आता ११ मे १९९५, लॉस एंजेलिस, ई३ हे व्हिडिओ गेमचं पहिलंच मोठं प्रदर्शन. सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं जाहीर झालेलं. कॅलिन्स्की व्यासपीठावरून सांगतात की सप्टेंबरची वाट बघू नका, सॅटर्न आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल, किंमत ३९९ डॉलर. ऐकायला धडाकेबाज. पण ज्या दुकानदारांना माल मिळालाच नाही ते भडकले, एका मोठ्या खेळणी-साखळीने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. सप्टेंबर धरून गेम बनवणाऱ्या स्टुडिओंचे गेम अर्धवट होते, त्यामुळे फळीवर यंत्र होतं आणि शेजारी जवळपास काहीच नव्हतं. त्याच दिवशी सोनीची पाळी आली. स्टीव्ह रेस हातात कागद घेऊन भाषणाला आले, एकच आकडा उच्चारला, '२९९', आणि खाली उतरले. प्लेस्टेशन सॅटर्नपेक्षा १०० डॉलरने स्वस्त. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

चार वर्षांनी, ९ सप्टेंबर १९९९ ला, सेगाने ड्रीमकास्ट अमेरिकेत आणला. यंत्र उत्तम होतं, त्यात इंटरनेटसाठी मोडेम बसवलेला होता, गेमही दमदार होते. पण दुधाने तोंड पोळलं होतं. सीडी यंत्र, ३२एक्स आणि सॅटर्न घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाने विचार केला की सोनीचा प्लेस्टेशन २ वर्षभरात येतोच आहे, थांबून बघू. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या त्या वेळच्या बड्या प्रकाशकानेही ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. दोन्ही सावकार काठावर थांबले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्र बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ती दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम बनवणारी कंपनी झाली. ड्रीमकास्ट त्याच्या आधीच्या यंत्रांच्या पापात बुडाला, असं माझं मत आहे.

सोनी आत कशी शिरली

सोनीला या धंद्यात ओढलं निन्टेंडोनेच. दोघी मिळून निन्टेंडोच्या सुपर निन्टेंडो या यंत्रासाठी सीडी यंत्र बनवत होत्या. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर काम करणार. भर बाजारात झालेला हा अपमान सोनीच्या वरिष्ठांना झोंबला आणि केन कुतारागी या हट्टी इंजिनिअरला स्वतःचं यंत्र बनवायची मोकळीक मिळाली. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन आलं.

गेमच्या बाजारात सोनीची पत तेव्हा शून्य होती. तिने ती दुसऱ्या सावकाराकडून, म्हणजे स्टुडिओंकडून, उभी केली. निन्टेंडो ६४ कार्ट्रिजवर अडून बसला. कार्ट्रिज बनवायला महाग, आगाऊ मागवायला लागायचं आणि त्यात जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मावायचे. सीडी एखाद-दोन डॉलरमध्ये दाबून मिळायची, तीत ६५० मेगाबाइट जायचे, गेम चालला तर आठवडाभरात आणखी प्रती काढता यायच्या. वर्षानुवर्षं निन्टेंडोच्या अटी सोसलेल्या कंपन्यांना मोकळा श्वास मिळाला. स्क्वेअरचा 'फायनल फँटसी ७' १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींवर. आधीचे सहाही भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर होते. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेलं, निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबला. गिऱ्हाइकाच्या मनात निन्टेंडोचं नाव तेव्हाही मोठंच होतं. आटली होती ती स्टुडिओंकडची पत, आणि तिच्याअभावी दुसरीही हळूहळू आटते.

निन्टेंडो पुढे सावरली ती शर्यतच सोडून. २००६ चा वी ताकदीने जुनापुराणा होता, पण हात हलवून टेनिस खेळता येतं म्हटल्यावर ज्यांनी जन्मात कंट्रोलर धरला नव्हता ते आजी-आजोबाही उठून उभे राहिले. १० कोटी १६ लाख विकले गेले. मग २०१२ मध्ये आला वी यू, आणि तो १ कोटी ३६ लाखांवर अडकला. नावाचा घोटाळा त्यामागचं एक मोठं कारण. हे नवं यंत्र आहे की जुन्या वीला जोडायचा पडदा आहे, हेच कित्येकांना कळलं नाही. शिवाय वी घेणारे आजी-आजोबा निन्टेंडोचे भक्त नव्हतेच, टेनिस खेळून त्यांचं काम झालं होतं. एकदा मोठी विक्री झाली म्हणजे पत जमली असं होत नाही, हे यातून दिसतं. २०१७ मध्ये स्विच आला आणि तो १५ कोटींच्या पुढे गेला, मात्र या वेळी कंपनीने घरातलं आणि हातातलं यंत्र एकच केलं, म्हणजे तिचे सगळे गेम एकाच खोक्यात येऊ लागले.

मायक्रोसॉफ्टची दोन रूपं

एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ च्या एक वर्ष आधी. सोनी तेव्हा यशाने फुगली होती. प्लेस्टेशन ३ ची किंमत तिने ४९९ आणि ५९९ डॉलर ठेवली, आणि लोकांनी जास्त तास काम करून ते घ्यावं अशा अर्थाचं कुतारागी बोलून गेले. सावकाराला असं बोलायचं नसतं.

पण मायक्रोसॉफ्टच्या यंत्रातही एक दोष निघाला. चालू करावं तर समोरचं हिरवं कडं पेटण्याऐवजी त्याचे तीन भाग लाल लुकलुकायचे आणि यंत्र कायमचं मुकं. फार यंत्रं अशी गेली. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडाची हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तोपर्यंत एक्सबॉक्सवर आधीच पैसा ओतला जात होता, तरीही हा खर्च केला. माझ्या मते एक्सबॉक्सच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा खर्च. लोक चिडले, पण पळाले नाहीत.

त्याच कंपनीने सहा वर्षांनी काय करावं? २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर करताना सांगितलं की यंत्राला २४ तासांतून एकदा इंटरनेट लागेलच, डिस्क खात्याला बांधली जाईल आणि जुना गेम मित्राला द्यायला किंवा विकायला अटी असतील. इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचं, यावर विभागप्रमुखांचं उत्तर होतं की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे ना. वर किंमत ४९९ डॉलर, हवा असो-नसो कॅमेऱ्यासकट.

सोनीने ३९९ किंमत सांगितली आणि अर्ध्या मिनिटाहूनही छोटा एक व्हिडिओ टाकला. विषय: प्लेस्टेशन ४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा. सोनीचे शुहेई योशिदा हातात गेमची डबी घेऊन उभे असतात, ते ती शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात देतात, तो आभार मानतो. संपलं. हसूनहसून पुरेवाट झाली लोकांची. दहाएक दिवसांत मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या, पुढच्या वर्षी कॅमेराही सक्तीचा राहिला नाही. पण उशीर झाला होता. प्लेस्टेशन ४ च्या ११ कोटी ७० लाखांच्या आसपास प्रती खपल्या, एक्सबॉक्स वन बराच मागे राहिला.

पत संपते, खातं सुरू होतं

इथपर्यंतचा नियम असा होता की दर पिढीला पाटी कोरी. सेगा वर येऊ शकली, सोनी आयत्या वेळी शिरू शकली, निन्टेंडो पडून उठू शकली. जुनी कार्ट्रिजं नव्या यंत्रात सहसा जायची नाहीत, तेव्हा तसंही सगळं नव्याने घ्यायचं, मग कंपनी बदलायला काय हरकत?

थोडी अडचण असायची ती बोटांची. निन्टेंडोच्या कंट्रोलरवर 'ए' उजवीकडे असतो, एक्सबॉक्सवर खाली, आणि नेमक्या त्या खालच्या जागी निन्टेंडोचा 'बी'. प्लेस्टेशनवर तर अक्षरंच नाहीत, त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, म्हणून तिथे सव्वीस वर्षं 'हो' म्हणायला गोल दाबायचे, बाकीच्या बहुतेक जगात फुली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणताना सोनीने जपानमध्येही फुलीला 'हो' केलं. एका पिढीच्या अंगठ्याला जे मुरलं होतं त्याच्या उलट. तरी ही सवय आठवडाभरात मोडते.

विकत घेतलेला डिजिटल संग्रह मात्र मोडता येत नाही. २०१३ नंतरच्या पिढीत लोक डिस्कऐवजी थेट उतरवून गेम घ्यायला लागले. ते गेम खात्यात बसतात, आणि प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात. म्हणजे दहा वर्षांचे गेम, मिळवलेली बक्षिसं आणि मित्रांची यादी एका खात्यात अडकलेली. दुसऱ्या कंपनीचं यंत्र कितीही सरस असलं तरी तिथे जायचं म्हणजे नेसत्या वस्त्रानिशी घर सोडायचं. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत हेच कबूल केलं: हरायला सगळ्यात वाईट अशी जी पिढी होती तीच आम्ही हरलो, कारण लोकांनी आपला डिजिटल संग्रह तेव्हाच उभारला.

मित्रांचं जाळं हा याच कुलपाचा दुसरा खिळा. २०१८ पर्यंत 'फोर्टनाइट' प्लेस्टेशनवर खेळणाऱ्याला एक्सबॉक्स किंवा स्विचवरच्या मित्राबरोबर खेळता यायचं नाही. सोनी अडवत होती, आरडाओरडा झाल्यावर त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिने दार किलकिलं केलं. मायक्रोसॉफ्ट तेव्हा मोकळ्या दारांची मोठी पुरस्कर्ती झाली होती. एक्सबॉक्स ३६० जोरात असताना हीच कंपनी आपलं जाळं बंद ठेवायची, हे मात्र ती कुणाला आठवण करून देत नव्हती.

मग मागे पडलेल्याने करायचं काय? मायक्रोसॉफ्टने दोन रस्ते धरले. एक म्हणजे वर्गणी. २०१७ पासून गेम पास: महिन्याला ठरावीक पैसे द्या आणि शेकडो गेम खेळा, म्हणजे संग्रह दुसरीकडे असला तरी हरकत नाही. दुसरा म्हणजे खरेदी. २०२१ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला बेथेस्डा या गेम बनवणाऱ्या कंपनीची मालक कंपनी, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ६९ अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड. हो, अटारीतून फुटलेल्यांनी काढलेली तीच अ‍ॅक्टिव्हिजन. या दुसऱ्या सौद्याला अमेरिका आणि ब्रिटनच्या नियामकांनी हरकत घेतली. भीती अशी की मायक्रोसॉफ्ट 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवरून काढून घेईल. शेवटी सोनीबरोबर दहा वर्षांचा करार झाला. गंमत म्हणजे हा सौदा पदरात पाडून घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने कोर्टाच्या कागदांत स्वतःच लिहून दिलं की कन्सोलच्या युद्धात आपण हरलो आहोत.

एवढी रक्कम घातल्यावर ती वसूल व्हायला गिऱ्हाईक लागतं, आणि जास्त गिऱ्हाईक सोनीच्या यंत्रावर आहे. तेव्हा हळूहळू एक्सबॉक्सचे खास गेम प्लेस्टेशनवर जाऊ लागले. २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' गेला, 'गिअर्स ऑफ वॉर' गेला. २०२४ च्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टच्या जाहिराती फोन, टीव्ही, लॅपटॉप अशा वस्तूंकडे बोट दाखवून सांगू लागल्या की हाही एक्सबॉक्सच. ही सेगासारखी माघार आहे की खोक्याच्या पलीकडचा धंदा, यावर चाहते हिरिरीने भांडतात. मला ही माघारच वाटते, फक्त सेगापेक्षा कितीतरी श्रीमंत माणसाची.

प्रतिस्पर्धी ढिला पडल्याचा परिणाम किमतीवरही दिसतो. पूर्वी यंत्र जुनं होत जाई तशी त्याची किंमत उतरत जायची. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोघांच्या अमेरिकेतल्या किमती पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, उलट वाढल्या. सुटे भाग महागले, आयात शुल्क आलं, ही कारणं खरी आहेत. पण समोर १०० डॉलरने स्वस्त यंत्र घेऊन कुणी उभं असतं तर ही वाढ कंपन्यांना स्वतःच गिळावी लागली असती.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये घोषणा झाली की 'हेलो'च्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती २०२६ मध्ये प्लेस्टेशन ५ वरही येणार. २००१ साली ज्या एका गेमसाठी लोकांनी पहिला एक्सबॉक्स घेतला, तो हा. त्यात जमिनीवर पडलेली बंदूक उचलायला अंगठा डावीकडच्या निळ्या 'एक्स'वर दाबून धरायचा. सोनीच्या कंट्रोलरवर त्या जागी चौकोन आहे.